पावसाळ्यात पडणारा आरसीसीबी: आमच्या घरातला लिकेज कसा सापडला

घरातला आरसीसीबी (करंट कुठे गळत असेल तर लाइट तोडणारा ब्रेकर) सारखा पडतोय आणि वायरमन येऊन "सगळं ठीक आहे" म्हणून जातोय, अशा कचाट्यात जे सापडले असतील त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय. आमच्याकडे हे प्रकरण गेल्या वर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झालं. विजेचा भाग ऑगस्टमध्ये मिटला, भिंतीचा भाग मात्र दिवाळीनंतरही रेंगाळला. मी इलेक्ट्रिशियन नाही, एका ऑफिसात अकाउंट्स बघते. जे काही समजलं ते आमच्याकडे काम करायला आलेल्यांना प्रश्न विचारून विचारून समजलेलं आहे.

आधी घराची माहिती. डोंबिवलीत चार मजली बिल्डिंग, २००३ सालची. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. हॉलची बाल्कनी पश्चिमेला, म्हणजे पावसाची झड थेट अंगावर. मुख्य दरवाज्यामागे डीबी, म्हणजे सगळे ब्रेकर असतात ती पेटी. त्यात ४० अँपिअर, ३० मिलिअँपिअरचा दोन पोलचा आरसीसीबी (दुकानात ईएलसीबी म्हणून मागितला तरी हाच मिळतो) आणि त्याच्यापुढे सहा एमसीबी (घरातल्या एकेका सर्किटचे छोटे ब्रेकर). एमसीबी सगळे सिंगल पोल. हे सिंगल पोल लक्षात ठेवा, सगळी गोची तिथेच होती.

पहिल्यांदा लाइट गेली ती सकाळी साडेसहाच्या सुमारास. सासूबाई आंघोळीला, गिझर चालू. जिन्यातला दिवा मात्र जळत होता. डीबी उघडलं तर एमसीबी सगळे वर आणि एकटा आरसीसीबी खाली. तुमच्याकडे लाइट गेली की सगळ्यात आधी हेच बघा, कोणतं बटण पडलंय ते. एमसीबी पडला तर लोड जास्त झालाय किंवा शॉर्ट झालंय. आरसीसीबीला लोडशी देणंघेणं नसतं. फेजमधून जेवढा करंट आत गेला तेवढा न्यूट्रलमधून परत आला की नाही, एवढंच तो बघतो. आमच्या पेटी कॅशसारखं: दिले किती, आले किती, फरक दिसला की काम बंद. ३० मिलिअँपिअरचा फरक झाला की तो पडलाच पाहिजे आणि १५ च्या पुढे तो कधीही पडू शकतो. नवा असला तरी.

बटण वर केलं, लाइट आली. दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच. तिसऱ्या दिवशी काही नाही. मग शनिवारी रात्री आम्ही टीव्ही बघत असताना पडला आणि लगेच वर राहीना. दहाएक मिनिटांनी राहिला.

नेहमीच्या वायरमनना बोलावलं. बिल्डिंगमधली निम्मी कामं तेच करतात, माणूस सरळ आहे. त्यांनी सगळे एमसीबी खाली केले, आरसीसीबी वर केला आणि आम्ही चहा पीत बसलो. संध्याकाळचे सात वाजले असतील. थोड्या वेळात खट्. सगळे एमसीबी खाली असताना आरसीसीबी पडला. "वहिनी, आता काय राहिलं? पुढे काहीच जोडलेलं नाही. ब्रेकरच गेला," ते म्हणाले. ऐकायला एकदम पटण्यासारखं. पंधरा-सोळा वर्षांचा ब्रेकर, कधीतरी जाणारच. नवीन आरसीसीबी २,४०० रुपये, बसवायचे ५००. बिल मात्र जीएसटीचं घ्या आणि त्यावर मॉडेल नंबर लिहून घ्या, वॉरंटीला लागतो. ब्रेकरवर आयएसआय मार्क आणि आयएस १२६४० हा आकडा आहे का तेही बघा.

नवा ब्रेकर दोन-तीन दिवस गप्प बसला. तेवढे दिवस पाऊसही नव्हता, हे नंतर लक्षात आलं.

त्याच शनिवार-रविवारी आम्ही अलिबागला नणंदेकडे गेलो. रविवारी रात्री दार उघडलं तर घरात अंधार आणि वास. फ्रीजखालून पाणी वाहत किचनच्या उंबऱ्यापर्यंत आलेलं. फ्रीझरमधला मटार, खोवलेलं ओलं खोबरं, सासूबाईंनी साठवलेला आमरस, सगळं टाकून द्यावं लागलं. आमरसाचं दुःख बराच काळ चाललं. पण या प्रकारात एक गोष्ट कळली. घरात माणूस नाही, गिझर बंद, मशीन बंद, चालू होता तो फक्त फ्रीज आणि वायफायचा राउटर. तरी पडला.

वायरमन परत आले आणि त्यांनी दोन उपाय सुचवले. एक, आरसीसीबी बाजूला ठेवून "डायरेक्ट" करून देतो, पावसाळा संपला की परत लावू. दोन, १०० मिलिअँपिअरचा बसवू, तो एवढा नाजूक नसतो. दोन्हीला आम्ही नाही म्हटलं. १०० चा ब्रेकर वायरिंगला आग लागण्यापासून वाचवण्यासाठी ठीक असतो, माणसाला शॉक लागला तर त्याचा भरवसा नाही. माणसासाठी ३० च हवा. आमचं वॉशिंग मशीन बाथरूमच्या दारात आहे, सासूबाई ओल्या पायांनी त्याचं झाकण उघडतात. तिथे "डायरेक्ट" चालणारच नव्हतं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक नियमांतही अर्थ लिकेजपासून (करंट जमिनीत गळण्यापासून) संरक्षण देणारं उपकरण सांगितलेलं आहे. वायरमनने तोंडी दिलेला सल्ला उद्या काही झालं तर कामाला येत नाही. "पावसाळा संपला की आपोआप थांबेल बघा," ते जाताना म्हणाले. आणि त्यात चूक काहीच नव्हती, थांबलंच असतं.

आता सगळ्यांचा संशय गिझरवर. शेजारी, ऑफिसातले, भाऊ, सगळे एकच सांगत होते: "गिझरचं एलिमेंट गेलं." संशय अगदीच हवेतला नव्हता. एलिमेंटच्या बाहेरच्या नळीला चीर गेली की आत ओल शिरते आणि लिकेज सुरू होतो, हे कारण खरोखर नेहमीचं आहे. आमचा गिझर चार वर्षांचा. टाकीची वॉरंटी होती, एलिमेंटची संपलेली. हे दोन वेगळे असतात, कार्ड नीट वाचा. कंपनीच्या नंबरवर तक्रार केली, तक्रार क्रमांक आला, माणूस पाचव्या दिवशी आला. व्हिजिट चार्ज ४०० अधिक जीएसटी, म्हणजे ४७२ रुपये, दुरुस्ती होवो न होवो. त्याने एलिमेंटच्या दोन्ही टोकांपासून बॉडीपर्यंत मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून मोजलं आणि एलिमेंट चांगलं आहे असं जॉब शीटवर लिहून दिलं. हे लिहून घ्यायचं सोडू नका. पुढे प्रत्येक नवा माणूस "गिझर बघितला का?" असं विचारतो, तेव्हा तो कागद पुढे करता येतो.

मधल्या काळात १९१२ वर फोन करून महावितरणकडेही तक्रार नोंदवली. दुसऱ्या दिवशी त्यांचे कर्मचारी आले. त्यांनी मीटर रूममध्ये आमच्या मीटरची जोडणी बघितली, स्क्रू घट्ट आहेत, सप्लाय ठीक आहे म्हणून सांगितलं. मीटरच्या पुढचं वायरिंग ग्राहकाचं. मुद्दा बरोबर होता.

जूनच्या शेवटी मी डीबीच्या दाराला आतून एक कागद चिकटवला. तारीख, वेळ, काय चालू होतं, पाऊस होता का, किती वेळाने वर राहिला. घरातल्या प्रत्येकाने लिहायचं. चिरंजीव सुरुवातीला "काय चालू होतं" या रकान्यात "माझा गेम" एवढंच लिहायचे, पण वेळ तरी लिहायचे. जुलैच्या मध्यापर्यंत कागद भरला आणि मी तो एक्सेलमध्ये घातला, धंदाच तो माझा. त्यात तीन गोष्टी दिसल्या. पडण्याच्या वेळा बहुतेक सकाळी साडेसहा ते आठ आणि संध्याकाळी सात ते दहा. दुपारी जवळजवळ नाहीच. वाऱ्यासह झड आली की त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी नक्की, नुसत्या सरळ पावसात कमी. आणि आमचा गिझर चालू नसतानाही सकाळी पडतोच.

तिसरी गोष्ट कुणालाच उलगडेना. आमचा गिझर बंद, मग सकाळीच का?

नवऱ्याच्या ऑफिसमधून एका परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा नंबर मिळाला. शोधताना "मेगर आहे का आणि लिकेज मोजणारा क्लँप मीटर आहे का" हे दोन प्रश्न फोनवरच विचारायचे. नसेल तर नम्रपणे नको म्हणायचं. साधा क्लँप मीटर इथे कामाचा नाही. तो अँपिअर मोजतो, आपल्याला अँपिअरचा हजारावा भाग हवा असतो. यांच्याकडे दोन्ही होतं. पूर्ण तपासणीचे १,५०० रुपये, दुरुस्ती वेगळी, रिपोर्ट लेटरहेडवर. तारीख मिळायला आठवडा लागला कारण पावसाळ्यात यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. २७ जुलै, शनिवार ठरला.

साठीच्या आसपासचे गृहस्थ, बरोबर एक शिकाऊ मुलगा. आल्याआल्या त्यांनी ब्रेकरला हात लावला नाही, माझा कागद वाचला. वाचून म्हणाले, "न्यूट्रल आहे. बहुतेक बाहेरच्या भिंतीत." मग मल्टिमीटर काढून डीबीत न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये व्होल्टेज मोजलं. एक व्होल्टच्या आसपास. मला गिझर आणि इस्त्री चालू करायला सांगितलं. व्होल्टेज तीनच्या जवळ गेलं आणि आरसीसीबी पडला. ते हसले. "गिझर निर्दोष आहे, पण कारण तोच."

त्यांनी सांगितलं ते माझ्या शब्दांत असं. न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला जोडलेला असतो. आपल्या घरापर्यंत येता येता त्या वायरमधून करंट वाहतो म्हणून आपल्या टोकाला तो जमिनीपेक्षा एक-दोन व्होल्टने वर बसतो. लोड वाढला की आणखी वर. आपलाच लोड असं नाही, सगळ्या बिल्डिंगचा. सकाळी सात वाजता घरोघरी गिझर लागतात, संध्याकाळी एसी आणि मिक्सर, तेव्हा सगळ्यांच्याच न्यूट्रलचं व्होल्टेज थोडं चढतं. घरात कुठेतरी न्यूट्रल अर्थला टेकला असेल, तर तेवढ्या दोन-तीन व्होल्टवरही थोडा करंट न्यूट्रलमधून सरळ अर्थमध्ये पळतो आणि हिशोब चुकतो. ३० मिलिअँपिअर म्हणजे फार नाही. शेजाऱ्यांचा गिझर आमचा ब्रेकर पाडत होता तो असा.

आणि एमसीबी सगळे खाली असतानाही का पडला, त्याचं उत्तर सिंगल पोलमध्ये. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो. न्यूट्रल लिंकमधून (डीबीत सगळे न्यूट्रल एकत्र जोडलेले असतात ती पट्टी) निघालेल्या सगळ्या न्यूट्रल वायरी घरभर जशाच्या तशा जोडलेल्या राहतात. म्हणजे "पुढे काहीच जोडलेलं नाही" हे निम्मंच खरं होतं. हाच प्रकार स्विचचा. बोर्डावरचं बटण बंद केलं तरी उपकरणाचा न्यूट्रल जोडलेलाच असतो. म्हणून उपकरणाची शंका असेल तर बटण बंद करून भागत नाही, प्लगच उपसून काढायचा. फ्रीजचा, मशीनचा, प्युरिफायरचा, टीव्हीच्या मागचा, सगळे.

एमसीबी एकेक खाली करून दोषी शोधण्याची रीत आपल्याकडे सगळे सांगतात. फेजचा लिकेज असेल तर ती चालते. न्यूट्रलचा असेल तर ती तुम्हाला उलट्या दिशेला पाठवते. आमचा नवा ब्रेकर त्या उलट्या दिशेचाच.

आता खरी तपासणी. मेन बंद. आरसीसीबीतून पुढच्या दोन्ही वायरी सोडवल्या आणि नुसता ब्रेकर चालू करून बघितला, राहिला. मग सगळ्या उपकरणांचे प्लग काढून न्यूट्रल लिंकमधल्या वायरी एकेक करून सोडवायला घेतल्या. डीबीत एकाही वायरीवर नंबर नव्हता. शिकाऊ मुलगा प्रत्येकीला पांढऱ्या चिकटपट्टीचं शेपूट लावून त्यावर आकडा लिहीत होता. प्रत्येक न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये ५०० व्होल्टचा मेगर. निदान १ मेगाओहम तरी यायला हवा, चांगल्या वायरिंगला त्याच्या कितीतरी पट येतो. एक नंबरला काटा पार टोकाला. दोन, तीन तसेच. चारला मेगरचं हँडल फिरवलं आणि काटा शून्यावरून हललाच नाही. पाच, सहा परत टोकाला. चार नंबरवर साधा मल्टिमीटर लावला तर नव्वदच्या आसपास ओहम. मेगाओहम नाही, किलो नाही, नुसते ओहम. दोन-तीन व्होल्टला नव्वद ओहमने भागा, वीस-तीस मिलिअँपिअर येतात. ब्रेकर नेमका या पट्ट्यात पडतो, म्हणूनच कधी पडायचा कधी नाही.

चार नंबर म्हणजे हॉलचे दिवे-पंखे. तिथून पुढे त्यांनी सर्किट मधोमध तोडत नेलं. हॉलचा मोठा बोर्ड उघडून पुढे जाणारा न्यूट्रल सोडवला, उरलेलं परत मोजलं. अलीकडचं स्वच्छ, पलीकडचं खराब. पलीकडे काय आहे? "बाल्कनीचा दिवा," नवरा म्हणाला. मी म्हटलं, बाल्कनीत दिवा नाहीये.

नव्हताच. ग्रिल बसवली तेव्हा बाहेरच्या भिंतीवरचा दिवा काढून टाकला होता आणि त्या बॉक्सवर कोरी प्लेट मारली होती. त्यावर रंगाचे दोन हात बसलेले, त्यामुळे ती दिसतही नव्हती. ब्लेडने रंगाची कड कापून प्लेट उघडली तसं चहाच्या रंगाचं पाणी भिंतीवरून ओघळलं. लोखंडी बॉक्सचा तळ गंजून भुसभुशीत झालेला. आत तीन वायरींची टोकं टेपने गुंडाळून कोंबलेली. टेपचा डिंक सुटून ती उलगडली होती, न्यूट्रलच्या तांब्यावर हिरवी बुरशीसारखी पूड चढलेली आणि ती थेट अर्थच्या वायरीला आणि बॉक्सच्या गंजाला चिकटलेली. फेजच्या टोकाचा टेप मात्र जागेवर, आणि त्या दिव्याचं बटण कायम बंद. म्हणून फेजकडून कधी काही झालं नाही. न्यूट्रलला बटण कुठलं?

कोरडं पडलं की ओहम वाढायचे आणि दुपारी सगळं सुरळीत. झड आली की परत चिखल.

पुढचं काम तासाभराचं. हॉलच्या बोर्डातच त्या दिव्याच्या तिन्ही वायरी कापून टोकं कनेक्टरमध्ये बंद केली, म्हणजे बाहेरच्या बॉक्सकडे आता काहीच जात नाही. परत मेगर: चार नंबरलाही काटा टोकाला. सगळे न्यूट्रल लिंकमध्ये परत बसवले, नंबर तसेच ठेवले. जुने दिवे काढून टाकलेले बॉक्स तुमच्याकडे असतील तर टोकं तिथेच टेप मारून ठेवू नका, आतल्या बोर्डातूनच तोडून टाका. दिवे काढणारा सुतार किंवा ग्रिलवाला हे करणार नाही, त्याचं ते काम नाही.

त्यांनी आणखी एक मोजमाप केलं. घरातलं सगळं चालू करून लिकेज क्लँपच्या जबड्यात फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र धरल्या. दोन्ही एकत्र धरल्या तरच फरक दिसतो. साडेसात मिलिअँपिअर. दोष कशातच नाही, पण कॉम्प्युटर, इन्व्हर्टर एसी, वॉशिंग मशीन यांच्या आत विजेचा गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात आणि ते थोडा थोडा करंट अर्थमध्ये सोडतच असतात. घरात अशी उपकरणं वाढत गेली की ही शिल्लक वाढते. तीस टक्क्यांच्या आत, म्हणजे ३० च्या ब्रेकरला नऊपर्यंत चालतं. आमचं काठावर नव्हतं, पण बाथरूमचा गिझर आणि मशीन यांना वेगळा आरसीबीओ (आरसीसीबी आणि एमसीबी एकातच असलेला ब्रेकर) लावून ते मुख्य आरसीसीबीच्या आधीच फोडून घ्यावं असं त्यांनी सुचवलं. म्हणजे तिथे काही झालं तरी फ्रीज चालू राहील. आमरसाची आठवण ताजी होती, लगेच हो म्हटलं. आरसीबीओ ए टाइपचा घेतला, कारण मशीन इन्व्हर्टर मोटरचं आहे आणि साध्या एसी टाइपच्या ब्रेकरला तसल्या उपकरणाचा लिकेज नीट ओळखता येतोच असं नाही. फोडताना त्या दोघांचा न्यूट्रलही त्यांच्याच आरसीबीओतून न्यायचा, जुन्या लिंकमध्ये ठेवायचा नाही. खालच्या मजल्यावर बॅटरीचा इन्व्हर्टर बसवल्यावर नेमकं हेच झालं होतं, दोन सर्किटचे न्यूट्रल एकत्र केलेले. त्यांच्याकडे पंखा लावला की ब्रेकर पडायचा. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आमचं हे काम झालं, सामान आणि मजुरी मिळून ३,२००.

एकूण हिशोब: पहिला आरसीसीबी बसवण्यासह २,९००, गिझरची व्हिजिट ४७२, तपासणी १,५००, आरसीबीओ ३,२००. ८,०७२ रुपये. फ्रीजमधलं धरलेलं नाही.

ब्रेकरवरचं टेस्टचं बटण आता महिन्याच्या एक तारखेला दाबतो. दाबल्यावर पडला तर ब्रेकरची यंत्रणा चालते एवढंच कळतं. अर्थिंग चांगलं आहे की नाही ते त्या बटणाने कळत नाही, ते वेगळं मोजावं लागतं. आमचं त्याच दिवशी मोजून घेतलं, ठीक निघालं. आणि पडलेला ब्रेकर दोनदा वर करून राहिला नाही तर तिसऱ्यांदा जोर लावू नका. प्लग काढा, थांबा, मग बघा. डीबीचं झाकण उघडून वायरी सोडवायचं काम मात्र स्वतः करू नका, मेन बंद केल्यावरही मीटरकडून येणाऱ्या बाजूला वीज असतेच.

आता भिंत. वायरी तोडल्या तरी बॉक्समध्ये पाणी येतच होतं, कारण बाहेरच्या प्लॅस्टरला तडा होता आणि तो आमच्या ग्रिलच्या बाजूने वरच्या मजल्यापर्यंत गेला होता. ५ ऑगस्टला सोसायटीला अर्ज दिला. दोन प्रती, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. तोंडी सांगितलेलं सोसायटीत पावसासारखं वाहून जातं. अर्जाला जोडलं: उघड्या बॉक्सचे फोटो, ठेकेदाराचा लेटरहेडवरचा रिपोर्ट, तड्याचा बाहेरून काढलेला फोटो. सचिवांचं पहिलं वाक्य होतं, "ताई, तुमच्या लाइटचा आणि सोसायटीचा काय संबंध?" संबंध होता. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पावसाच्या पाण्याची गळती दुरुस्त करण्याचा खर्च संस्थेवर टाकलेला आहे. ते पान झेरॉक्स करून अर्जाला लावलं. भांडावं लागलं नाही, कागद मध्ये ठेवला की आवाज आपोआप खाली येतो.

कमिटीची मीटिंग ऑगस्टच्या शेवटी झाली. वरच्या मजल्यावरच्यांनीही ओल येत असल्याचं सांगितलं, तेव्हा विषय एकदम सोपा झाला. एकट्याचा अर्ज आणि दोघांचा अर्ज यात फार फरक असतो, आधीच वर जाऊन विचारा. ठराव झाला, तीन कोटेशन मागवायची ठरली, तिसरं यायला गणपती उलटून गेले. पावसात झुला लावून प्लॅस्टर करता येत नाही, त्यामुळे काम दिवाळीनंतर. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात माणूस झुल्यावरून खाली उतरला, तडा कोरून भरला, वॉटरप्रूफिंगचे थर दिले. तो लोखंडी बॉक्स उपटून काढला आणि ती जागा सिमेंटने बंद केली. आतल्या बाजूचं पोपडे आलेलं प्लॅस्टर कुणाच्या खर्चाने यावर थोडी घासाघीस झाली. शेवटी सामान सोसायटीचं, मजुरी आमची असं ठरलं. ९०० रुपये.

बाहेरून त्या पट्ट्याचा रंग उरलेल्या भिंतीशी जुळत नाही. कमिटी म्हणते, सगळ्या बिल्डिंगला रंग देऊ तेव्हा एकदम होईल. तो विषय सर्वसाधारण सभेच्या अजेंड्यावर गेली तीन वर्षं आहे.